व्हिक्टोरियन आणि रोमँटिक: उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

‘रोमँटिक कवी भावनाप्रधान होते, व्हिक्टोरियनांनी त्यांना नाकारले.’ इंग्रजी साहित्याच्या पेपरात हे पहिलं वाक्य दिसलं की मी लाल पेन खाली ठेवतो आणि चहा टाकायला उठतो. गठ्ठ्यातल्या निम्म्या पेपरांत ते असतंच.

मूळ दोष गाईडमधल्या तक्त्याचा. डावीकडे रोमँटिकांचे निसर्ग आणि कल्पना, उजवीकडे व्हिक्टोरियनांचे विज्ञान आणि नीती, मधे १८३७ ची, म्हणजे राणी व्हिक्टोरिया गादीवर आली त्या वर्षाची रेघ. आता वर्ड्सवर्थ या रोमँटिक कवीला कुठे बसवणार? तो १८५० पर्यंत जिवंत होता आणि १८४३ पासून व्हिक्टोरियाचाच राजकवी होता. त्याचं ‘द प्रेल्यूड’ हे दीर्घकाव्य मृत्यूनंतर, १८५० मध्ये छापून आलं. व्हिक्टोरियन कवी टेनिसनचं ‘इन मेमोरियम’ही त्याच वर्षीचं. कीट्स, शेली, बायरन हे रोमँटिक कवी मात्र १८२१ ते १८२४ च्या दरम्यान एकामागोमाग एक गेले. तरुणपणी गेलेल्या कवीची भक्ती सोपी असते. म्हातारा होऊन पेन्शन घेणाऱ्याची अवघड. व्हिक्टोरियन कवी ब्राउनिंगची ‘द लॉस्ट लीडर’ (१८४५) ही कविता म्हणजे त्या पेन्शनवरची आणि राजकवीपदावरची चिडचीड आहे. तिला नकार म्हणू नका, घरातल्या वडीलधाऱ्यावर मूल चिडतं तसली ती चीड आहे. उतारवयात ब्राउनिंगने कबूलही केलं की तरुणपणाच्या घाईत आपण वर्ड्सवर्थला चित्रकाराच्या मॉडेलसारखं वापरलं.

दुसरी लाडकी चूक: व्हिक्टोरियन कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने शेलीला ‘सुंदर पण निष्प्रभ देवदूत’ म्हटलं, म्हणजे झाला अख्ख्या युगाचा निकाल. अहो, तो एका माणसाचा निकाल आहे. त्याच शेलीला ब्राउनिंगने ‘पॉलिन’ या कवितेत (१८३३) सूर्यावर चालणारा म्हटलंय. आणि अर्नोल्ड तरी कुठे एकसुरी आहे? वर्ड्सवर्थ गेला तेव्हा, सत्ताविसाव्या वर्षी, ती जखमा भरणारी शक्ती आता कुठून आणायची म्हणून तो हळहळला. १८७९ मध्ये त्याच वर्ड्सवर्थच्या निवडक कविता काढताना मात्र प्रस्तावनेत सुनावलं की अव्वल काम जवळजवळ सगळं १७९८ ते १८०८ मधलं. शिष्य खरा, पण हातात कात्री घेतलेला.

शॉर्टकटची किंमत मी स्वतः मोजलीय. एम.ए.ला असताना सेमिनारचा विषय घेतला, ब्राउनिंग आणि शेली. १८५२ मध्ये शेलीच्या पत्रसंग्रहाला ब्राउनिंगने प्रस्तावना लिहिली, एवढं गाईडमधून कळलं होतं. मी ठोकून दिलं की या पत्रांमुळे ब्राउनिंगला शेली नव्याने कळला.

सर म्हणाले, “पत्रं वाचलीस का रे?”

“हो सर, थोडी.”

“कमाल आहे. प्रकाशकाने तर ती लगेच मागे घेतली होती. बनावट होती.”

वर्गात जो हशा पिकला तो अजून कानात आहे. पत्रांमागे होता स्वतःला बायरनचा मुलगा म्हणवणारा एक ‘मेजर’. प्रस्तावना मात्र अस्सल, आणि आजही वाचावी अशी.

तेव्हापासून मी नोट्समध्ये ‘वादां’ची पानं करत नाही, माणसांची करतो. कोण, कोणाबद्दल, कुठल्या साली, किती वयाचा असताना बोलला. वेळ लागतो. ज्यांना रात्रीत युग संपवायचंय त्यांनी तक्ताच पाठ करावा आणि मार्कांबद्दल मला विचारू नये.

बाकी किरकोळ. ‘बायरन मीट, गटे उघड’ या व्हिक्टोरियन लेखक कार्लाइलच्या वाक्यावरून त्याला रोमँटिकविरोधी ठरवू नका. उघडायला सांगितलेलं पुस्तकही गटेचंच आहे, म्हणजे रोमँटिकांच्याच जर्मन पूर्वसुरीचं. उपयुक्ततावादी विचारवंत मिल खचला होता तेव्हा बायरनचा उपयोग झाला नाही, १८२८ मध्ये वाचलेल्या वर्ड्सवर्थचा झाला. हे त्याच्या आत्मचरित्रात आहे, तेवढं प्रकरण तरी वाचा. कीट्स पहिल्यापासून थोर मानला जायचा, हेही चूक. मिल्न्सने लिहिलेलं त्याचं चरित्र १८४८ चं, आणि प्री-रॅफेलाइट चित्रकारांनी त्याच्या कविता रंगवायला घेतल्या त्याही त्याच सुमारास. आणि कादंबऱ्या विसरू नका; ‘वुदरिंग हाइट्स’मधला १८४७ चा हीथक्लिफ बायरनच्या नायकांशिवाय सुचलाच नसता.

केशवसुतांच्या पिढीला इंग्रजी रोमँटिक कविता थेट कवींकडून मिळाली, असंही बरेच जण लिहितात. तिची मोठी वाट होती ‘गोल्डन ट्रेझरी’, म्हणजे पालग्रेव्ह या व्हिक्टोरियन माणसाने १८६१ मध्ये केलेली निवड. हा तोच पालग्रेव्ह, ज्याने टेनिसनच्या घरी ‘शेलीचं’ एक पत्र चाळताना आपल्याच वडिलांच्या लेखातला मजकूर ओळखला आणि मेजरसाहेबांचं बिंग फोडलं. संग्रह त्याने टेनिसनलाच अर्पण केला. जिवंत कवी घ्यायचे नाहीत असा नियम केल्यामुळे खुद्द टेनिसनची एकही कविता मात्र त्यात नाही.