अपग्रेड केलेली जुनी पिकअप विकताना: आधी कागद, मग पाना, मग भाव

पॉवर स्टेअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरचा गिअरबॉक्स, नवा हौदा आणि हौसेनं दिलेला रंग. अशी जुनी महिंद्रा किंवा टाटा पिकअप यवतमाळ-वाशिमकडच्या गावात दारात उभी असली की विचारणारे येतात. सौदा अडतो तो दुसरीकडेच. आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरं निघालं की खरा गिऱ्हाईक चहा घेऊन परत जातो. मागे राहतो तो दलाल, आणि तो नेमकं तेच कारण दाखवून भाव पाडतो. म्हणून विक्रीचं काम कागदापासून सुरू करायचं, पॉलिशपासून नाही.

चेसिस नंबर मोकळा करा

आरसीबुक आणि टॉर्च घेऊन गाडीखाली बसा. चेसिस नंबर बहुतेक उजव्या बाजूच्या लांब पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. त्यावर आधी काळ्या मातीचा थर, त्याखाली ग्रीस आणि त्याखाली कधीकाळी मारलेला चेसिस ब्लॅक. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागी अर्धा तास दाबून ठेवा, मग जुन्या दात घासायच्या ब्रशनं माती काढा. रंग उरला तर कापसानं पेंट रिमूव्हर लावा, फुगलेला रंग लाकडी चपट्या काडीनं उचला आणि जागा पुसून कोरडी करा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका. आकड्यांच्या कडा बोथट झाल्या की तपासणी करणाऱ्या निरीक्षकाला नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो, आणि तो संशय दूर करता करता महिने जातात.

आता त्यावर पातळ कागद ताणून धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवा. ठसा उमटतो. असे चार-पाच ठसे एकदमच काढून ठेवा, पुढे लागतात. काम झालं की नंबरावर ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरेल. ठसा आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. जुन्या हस्तलिखित बुकांमध्ये ३ चा ८ आणि इंग्रजी 'ओ'चं शून्य झालेलं सर्रास सापडतं. चूक निघाली तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी विकायला काढू नका.

इंजिन नंबरचंही तसंच, फक्त इथे चुका मोठ्या असतात. जुन्या महिंद्रात मूळ एक्सडीपी ४.९० असतं, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. त्याजागी महिंद्राचंच २५२३ सीसीचं एमडीआय इंजिन बसवलेलं असेल तर नंबरही जुळत नाही आणि सीसीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार अशा बदलाला आरटीओची आधी मंजुरी लागते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवावा लागतो. बदल नोंदलेला नसेल तर विकण्याआधी आरटीओत जाऊन रीतसर मार्ग विचारा. इंजिन भंगारातून आणलं असेल तर दुकानदाराचं पक्कं बिल हवं आणि त्यावर इंजिन नंबर लिहिलेला हवा. बिल नसलेलं इंजिन कुठून आलं, हे सिद्ध करायची वेळ नव्या मालकावर येते. समजदार माणूस ते ओझं घेत नाही.

बाकीचे कागद

जुनं कागदी बुक असेल तर गाडी 'वाहन' या ऑनलाइन नोंदीत आहे का ते नंबर टाकून बघा. नसेल तर ज्या कार्यालयात मूळ नोंद झाली, तिथेच बॅकलॉग एन्ट्री होते, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवली जाते. गाडी एमएच ३० ची आणि तुम्ही एमएच २९ मध्ये राहता, तर अकोल्याची फेरी ठरलेली. गिऱ्हाईक मिळाल्यावर हे काम काढाल तर तो थांबणार नाही.

पासिंग कोणतं आहे, खाजगी की मालवाहू, ते जाहिरातीतच लिहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. पर्यावरण कर दोघींनाही आहे, खाजगीला १५ वर्षांनंतर, मालवाहूला ८ वर्षांनंतर. १५ वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरणाची आणि फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढली आहे, त्यामुळे 'तुम्हीच करून घ्या' म्हटलं की गिऱ्हाईक त्याच्या दुप्पट रक्कम भावातून कापतो. आपणच करून घेतलेलं स्वस्त पडतं.

बँकेचं कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर एचपी (बँकेच्या तारणाची नोंद) तशीच राहिलेली असते. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती उतरवा. ई-चलान भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवून घ्या. पीयूसी आणि विमा चालू ठेवा.

एक गैरसमज इथेच मिटवू. 'विंटेज' हा शब्द जाहिरातीत घालू नका. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाडीलाच मिळते, आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. डिस्क ब्रेक आणि नवं इंजिन घातलेली १९९० च्या दशकातली पिकअप त्यात बसत नाही. ती 'जुनी, सुधारलेली, कामाची गाडी' आहे, आणि तसं सांगण्यात काहीही कमीपणा नाही.

काय दुरुस्त करायचं, काय सोडून द्यायचं

विकण्याआधी इंजिनाचं पूर्ण काम काढू नका आणि नवा रंगही देऊ नका. ताजा रंग बघितला की माणूस आधी लोहचुंबक काढतो आणि खाली पुट्टी किती भरली ते तपासतो. तसाच गाडीखाली मारलेला ताजा काळा रंग. आपल्या काळ्या मातीचा गारा चेसिसच्या आत, शॅकलपाशी (कमानपाट्याच्या टोकाच्या कडीपाशी) आणि बॉडीच्या माउंटिंगवर चिकटून बसतो, ओल धरतो आणि तिथेच पत्रा खातो. त्यामुळे जाणकार खाली वाकून हातोडीनं टकटक करणारच. खणखणीत आवाज आला तर पत्रा बरा, भद्द आला तर आतून गेलेला. गाडी दोन दिवस आधी खालून प्रेशरनं धुवा आणि गंज असेल तिथे तो दिसू द्या. फुटलेली माउंटिंग मात्र वेल्डिंग करून घ्या.

लक्ष द्यायचं ते अपग्रेड केलेल्या भागांकडे, कारण प्रश्न तिथलेच येतात.

डिस्क ब्रेक लावताना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) जुनाच ठेवला असेल तर घोळ होतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कचे पॅड पूर्ण सुटू देत नाही, डिस्क घासत राहते आणि तापते. तपासायचं असं: मोकळ्या रस्त्यावर ब्रेक कमीत कमी वापरत १० किलोमीटर चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न टेकवता नेऊन उष्णता बघा. दोन्हीकडे सारखी आणि कोमट असायला हवी. मग इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली बसलं तर सील गेलंय. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम पंप लागतो, तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो आणि तिथून ऑइल झिरपतं. झिरपण थांबवूनच गाडी दाखवा.

पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स जिथे चेसिसला धरलाय, तिथली वेल्डिंग टॉर्चनं बघा. जुन्या चेसिसवर नवा बॉक्स बसवला की ताण त्याच चार इंचांवर येतो आणि केसासारखी बारीक चीर दिसायला लागते. चीर असेल तर प्लेट लावून घ्या, हे लपवण्याचं काम नाही, माणसाच्या जिवाचं आहे. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) किंवा बेअरिंग झिजलंय. गिअरबॉक्स बदलला असेल किंवा टायर मोठे घातले असतील तर स्पीडोमीटर खोटं सांगतो. मोबाइलच्या जीपीएसवर ६० ला काटा कुठे असतो ते बघून ठेवा आणि विचारण्याआधी सांगा.

वायरिंग ही अपग्रेड गाड्यांची सगळ्यात दुबळी जागा. एलईडी, हॉर्न, म्युझिक यांचे सांधे काळ्या टेपनं गुंडाळलेले असतात, आणि मे महिन्यात बॉनेटखालच्या उष्णतेत टेपचा डिंक पाघळून वायर उघडी पडते. सांधे सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा. प्रत्येक जास्तीच्या दिव्याला रिले आणि फ्यूज असू द्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी आपल्याकडच्या उन्हात बाजूच्या रबराला भेगा पडतात. अशा टायरना 'नवे' म्हणू नका.

काढलेले मूळ भाग फेकले नसतील तर पोत्यात भरून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून गाडीसोबत द्या. जुनं स्टेअरिंग व्हील, मूळ ग्रिल, ड्रम. नागपूर-पुण्याकडच्या हौशी गिऱ्हाइकाला ते पोतं बघूनच गाडी पटते.

भाव

खर्च केलेले सगळे पैसे परत येत नाहीत, हे आधीच मनाशी ठरवा. त्याच मॉडेलच्या, कागद पूर्ण असलेल्या आणि न बदललेल्या पाच-सहा गाड्या कितीला सुटल्या ते गॅरेजवाल्यांना विचारा, नुसते जाहिरातीतले आकडे धरू नका. तो पाया. ब्रेक, स्टेअरिंग, नोंदलेलं इंजिन यांचं बिल असेल तर आमच्या मते त्याची निम्मी किंमत वर धरावी. ६० हजार गेले असतील तर ३० हजार. रुंद टायर, क्रोम, स्पीकर यांचे शून्य धरा, त्यानं गाडी लवकर विकली जाते इतकंच.

वेळेचाही भाव असतो. दसऱ्यापर्यंत गाडी कागदासकट तयार ठेवा. सोयाबीन घरात येतं, कापसाची वेचणी लागते, वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा संत्रा निघतो, तेव्हा पिकअप हवी असते आणि हातात पैसाही खेळतो. जूनमध्ये तो सगळा बियाणं आणि खतात जातो, तेव्हा विकायला निघालात तर पडत्या भावात द्यावी लागेल.

जाहिरात आणि गाडी दाखवणं

फोटो सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर काढा. चारही कोपरे, हौद्याचा तळ, फाळका, कमानपाटे, गाडीखालून चेसिस, इंजिन, आणि जिथे गंज आहे त्याचा जवळून एक. मजकूर असा असू द्या:

"महिंद्रा पिकअप, १९९६, डिझेल, खाजगी पासिंग, एमएच २९. नोंदणी २०३१ पर्यंत, विमा चालू. इंजिन बदललेलं, आरसीवर नोंद आहे. पॉवर स्टेअरिंग आणि पुढे डिस्क ब्रेक, बिलं आहेत. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यात गंज. दुसऱ्या गिअरला थंडीत थोडा आवाज. मूळ सुटे भाग सोबत."

दोष लिहिल्यानं फोन कमी येतात, पण येतो तो माणूस घासाघीस करायला नवं कारण शोधत बसत नाही.

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. त्याला बॉनेटवर हात ठेवू द्या आणि थंड इंजिन त्याच्यासमोर सेल्फ मारा. गाडी चालवायला देण्याआधी लायसन्स बघा आणि शेजारी तुम्ही बसा. 'एक चक्कर मारून येतो न भाऊ' म्हणून एकट्याला चावी देऊ नका.

इसार ते टीटी (मालकी बदल)

इसार घेतला तर पावतीवर ठरलेला एकूण भाव, उरलेली रक्कम देण्याची तारीख आणि सौदा मोडल्यास इसाराचं काय, हे लिहा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय. गाडी तीन हात बदलते आणि आरसीवर नाव तुमचंच राहतं. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव, तो भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा आणि शक्य असेल तर आरटीओत स्वतः सोबत जा. गिऱ्हाईक छिंदवाडा, बैतूल किंवा आदिलाबादचा असेल तर परराज्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, तिथे चेसिसचा ठसा कामी येतो.

चावी देताना डिलिव्हरी नोट करा: तारीख, घड्याळातली वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, घेणाऱ्याच्या आधारची प्रत. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून विमा त्याच्या नावावर होऊ द्या, नो क्लेम बोनस मात्र तुमचा आहे, त्याचं पत्र घ्या. फास्टॅग बंद करा.

महिनाभरानं ऑनलाइन नोंदीत गाडीचा नंबर टाका. नाव पूर्ण दिसत नाही, मध्ये फुल्या असतात, पण पहिलं अक्षर बदललं की नाही ते कळतं. बदललं नसेल तर डिलिव्हरी नोटची प्रत जोडून आरटीओला अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.