सगळ्या धर्मांच्या योगवर्गात मंत्रांचं काय करायचं?

साताऱ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग सुरू करताय, आणि येणाऱ्यांत माळकरी, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक सगळेच आहेत? मग वर्गात काय काय म्हटलं जाईल ते नाव नोंदवतानाच सांगा. वाद आसनांवरून फारसा होत नाही. होतो तो ॐकार, मंत्र आणि समोरच्या तसबिरीवरून.

खरी अडचण सूर्यनमस्काराची. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो संस्थानातल्या शाळांत व्यायाम म्हणून रुजवला, पण बीजमंत्रांसकट, म्हणजे ‘ह्रां, ह्रीं’ अशा एकाक्षरी मंत्रांसकट. मंत्र नुसता गाळला की लोक घाई करतात आणि श्वास तुटतो, कारण ठेका मंत्रानेच धरलेला असतो. म्हणून आकडे मोजा: १२ स्थिती, प्रत्येकीला ४ आकडे. हात जोडायला कोणी नाखूश असेल तर तळवे छातीवर ठेवू द्या, व्यायामात काही उणं पडत नाही. सूर्यापुढे वाकणंच पटत नसेल तर त्यातलीच भुजंगासन, पर्वतासन ही आसनं सुटी घ्या. २०१५च्या पहिल्या योगदिनी सरकारी कार्यक्रमातही सूर्यनमस्कार नव्हता.

‘ज्यांना नको त्यांनी गप्प बसा’ असं मात्र म्हणू नका. ४० जणांत एकटाच गप्प बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. उलट करा: प्रार्थना हवी असेल त्यांनी १० मिनिटं आधी यावं. वर्गात ॐकाराऐवजी सगळ्यांनाच ५ वेळा भ्रामरी द्या, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायला लावा. लांब उच्छ्वास तिच्यातही मिळतो.

शवासनात ‘देवाला शरण जा’ऐवजी ‘खांदे सोडा, जबडा सैल करा’ म्हणा. रमजानमध्ये रोजेदारांना कपालभाती (झटके देत श्वास सोडणं) आणि घाम काढणारी आवर्तनं देऊ नका. दिवसभर पाणी नसतं.