लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा): 'या भागात अभ्यासच झालेला नाही' लिहिण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, नंदुरबारवर काहीच सापडत नाहीये. 'अभ्यास झालेला नाही' असं लिहून टाकू?"

सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की हा प्रश्न येतोच. विषय बहुतेक वेळा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवरचा. मी उलट एवढंच विचारते, शोधलंस काय टाइप करून? परवा एकीने वही पुढे केली. मागच्या पानावर एकच ओळ होती: 'सिकलसेल नंदुरबार'.

नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी अक्कलकुवा, तळोदा, नवापूर सगळे धुळे जिल्ह्यात. मग तेव्हाच्या संशोधन पेपरात 'नंदुरबार जिल्हा' कुठून येणार? त्यात धुळ्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'धुलिया'. आणखी मागे गेलात तर पश्चिम खानदेश. धडगावची गंमत वेगळीच, गाव धडगाव पण तालुका अक्राणी. भिल्ल नि पावरा यांची स्पेलिंगं ज्याच्या त्याच्या मनासारखी, आणि 'अ‍ॅनिमिया'त ब्रिटिश लोक एक 'ए' जास्त घालतात. जागेची सगळी नावं एका कंसात 'ऑर'ने जोडा, आजाराचे शब्द दुसऱ्या कंसात, आणि दोन्ही कंसांच्या मध्ये 'अँड'. पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट) हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांतच लागतात. तिथे आजाराची मेश टर्मही, म्हणजे त्या विषयासाठी ठरवून दिलेला शब्द, शोधून घाला. आपल्याकडची बरीच जर्नल्स पबमेडवर नसतात, म्हणून गूगल स्कॉलर पाहा, आणि प्रबंधांसाठी शोधगंगा.

पेपर हाती आले की दुसरा घोळ टक्केवारीचा. एकात आकडा मोठा, दुसऱ्यात निम्मा, आणि आपली मंडळी 'निष्कर्षांत एकमत नाही' लिहून मोकळी. अरे, पण तपासलं कशाने? सोल्युबिलिटी टेस्ट रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. एकाने दोन्ही मिळून मोजले, दुसऱ्याने फक्त रुग्ण, तर आकडे जुळतील कसे? शिवाय नमुना पाड्यावर घरोघरी फिरून घेतला की ओपीडीत? ओपीडीत येतो तो मुळात दुखणं घेऊनच. म्हणून तक्त्यात टक्केवारीच्या आधी तीन रकाने आखा: चाचणी, नमुना कुठला, मोजलं कोणाला. हे तीन भरले की निम्मी भांडणं आपोआप मिटतात. उरलेली खरी, त्यांवर लिहा.

उसना संदर्भ ही जुनी खोड. दुसऱ्याच्या प्रस्तावनेतलं वाक्य उचलायचं आणि मूळ पेपर न उघडताच त्याचा संदर्भ द्यायचा. व्हायवाला परीक्षक नेमकं तेच विचारतात.

जर्नलने छापून नंतर मागे घेतलेले पेपरही बघा. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला पेपर फक्त १२ मुलांवरचा होता. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि अशा नोंदींवर लाल इशारा देतं. वर्डमध्ये हाताने संदर्भयादी करत बसू नका, एक पेपर मध्ये घुसला की सगळे क्रमांक हलतात.

एवढं करून खरंच काही मिळालं नाही, तर 'मिळालं नाही' असं खुशाल लिहा. फक्त कुठे, कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत शोधलं, ते त्याच परिच्छेदात येऊ द्या.