रुकीचे पहिले आकडे कसे वाचायचे

एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, नवा पोरगा (रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनचा खेळाडू) आला की पहिल्याच मॅचवरून लोक त्याला डोक्यावर घेतात, पण जरा थांबा. मायकल कार्टर-विल्यम्सने २०१३ ला पदार्पणातच मायामी हीटविरुद्ध २२ पॉइंट, १२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि ९ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल) काढले होते, पुढे रुकी ऑफ द इयर पण झाला, तरी त्या सीझनला त्याचं शूटिंग होतं फक्त ४०.५ टक्के (म्हणजे शंभरात तेवढेच शॉट आत गेले), आणि त्याची टीम सिक्सर्स लीगमध्ये सगळ्यात फास्ट खेळत होती, मग संधी जास्त म्हणजे आकडे फुगणारच ना.

म्हणून आधी ट्रू शूटिंग काढा, म्हणजे साधे शॉट, थ्री-पॉइंट आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोफत शॉट) सगळं धरून नेमबाजी किती चांगली ते. फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात मारलेले सगळे शॉट (आत गेलेले आणि चुकलेले) मिळवा, त्याची दुप्पट करा आणि पॉइंटना तिने भागा. समजा २० पॉइंट, १८ शॉट, ४ फ्री थ्रो, तर येतात साधारण ५०.६ टक्के, आणि हल्ली लीगची सरासरी ५७-५८ च्या आसपास असते, म्हणजे दिसायला २० पण काम बेताचंच.

मिनिटं वेगळी असतील तर पर ३६ (३६ मिनिटं खेळला असता तर किती, तो हिशेब) बघा, पण दहा मिनिटं खेळणाऱ्याचं पर ३६ मला तरी फसवंच वाटतं. प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंटनी पुढे किंवा मागे गेली) सुरुवातीला सोडूनच द्या. थ्री-पॉइंटची टक्केवारीही लवकर स्थिर होत नाही, त्यापेक्षा फ्री थ्रोची टक्केवारी बघा, हात कसा आहे ते तिथे कळतं.

आणि रोल बदलला का तेही बघा, स्पर्सचा रुकी वेंबान्यामा २०२३ च्या डिसेंबरात सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी) गेल्यावर वेगळाच खेळाडू वाटायला लागला.