अंगावर जाणारं कुत्रं पाळलंय? मग एवढं तरी कराच

"काही करत नाही हो ते, या तुम्ही बिनधास्त" असं गेटमधून ओरडून सांगणारे मालक आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, आणि समोर कुरिअरचं पोरगं भिंतीला चिकटून उभं असतंय. अहो, तुम्हाला ते काही करत नाही कारण तुम्ही त्याला भाकर टाकता. परक्याला काय करंल ते कशावरून सांगता? म्हणून पहिला चावा व्हायच्या आधीच काय करायचं ते लिहितोय, मग ते संभाजीनगरच्या फ्लॅटमधलं लॅब्रॅडोर असू द्या नाहीतर लातूरकडं शेतातल्या आखाड्यावर राखणीला ठेवलेलं कारवान कुत्रं.

कुत्रं चावायच्या आधी सांगत असतंय, आपल्यालाच वाचता येत नाही. अंग ताठ होतं, उघडं तोंड मिटतं, नजर एका जागी खिळते, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो, मानेवरचे केस उभे राहतात आणि मग गुरगुर. शेपूट हलतंय म्हणजे खूशच आहे असं काही नसतंय, ताठ वर केलेल्या शेपटाचं नुसतं टोक हलत असलं तर लगेच लांब न्या. आणि गुरगुरलं म्हणून काठीनं हाणू नका. गुरगुर ही वॉर्निंग असते, ती मारून मारून बंद केली की पुढच्या टायमाला ते आवाज न करता थेट चावतं. त्यापेक्षा नेमकं कशावर चिडलं ते ध्यानात ठेवा, जेवताना कुणी जवळ गेलं का, झोपेतून उठवलं का, हेल्मेटवाला दिसला का, पिल्लं जवळ होती का, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच घ्यायची असते.

शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर आधी जनावराच्या डॉक्टरला दाखवा. कान पिकलेला असतो, दात दुखत असतो, म्हातारपणात सांधे धरतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढं जातो आणि हे बिचारं पत्र्याच्या शेडात दिवसभर आखूड साखळीला, पाण्याचं भांडं तापलेलं, मग संध्याकाळी सोडलं की जो दिसंल त्याच्या अंगावर जाणारच ना. सावली, थंड पाणी, सकाळी लवकर आणि रात्री फिरवणं एवढ्यानं सुद्धा बराच फरक पडतो. रेबीजची लस पिल्लू ३ महिन्याचं झालं की, मग बूस्टर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी, आणि त्याचं कार्ड सांभाळून ठेवा, लागतंय.

आता बंदोबस्त. गेटची कडी कुत्र्याला पंज्यानं उघडता येत नाही ना ते स्वतः बाहेर उभं राहून बघा, पाहुणे आले की दार उघडायच्या आधी कुत्रं आतल्या खोलीत. गळ्याचा पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल, जास्त सैल असला की झटका देऊन मान काढून घेतं. फिरवताना दोरी छोटी ठेवा आणि धरणारा माणूस कुत्र्याला आवरू शकणारा पाहिजे, दहा वर्षाच्या लेकराच्या हातात जर्मन शेफर्ड देऊ नका. मझल, म्हणजे तोंडाला घालायचं मुसकं, जाळीचा घ्या, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी मझलनं तोंड आवळून उन्हात फिरवलं तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. आधी घरातच मझलमध्ये खाऊ देऊन सवय लावा.

आखाड्यावरच्या कुत्र्याचं वेगळं सांगावं लागतंय. रात्री मोकळं सोडायचं तर कुंपणाच्या आत सोडा, रस्त्याकडं नाही. मोटरसायकलमागं कुत्रं लागलं, गाडी घसरली, माणूस जायबंदी झाला, तर "आमचं कुत्रं चावलंच नाही" म्हणून सुटका नाही. वाटंनं शाळेत जाणारी पोरं असतात, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या जवळ असतात, लहान लेकरं उघड्यावर खेळत असतात, त्यांचा विचार कुत्र्याच्या मालकानंच करायचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा, पाळीव जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केला आणि माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा व्हायची शक्यता असली तर ६ महिन्यापर्यंत कैद, ५००० रुपयापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एवढं करूनही चावलंच तर भांडत बसू नका. आधी कुत्रं बांधा, मग जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद, तेल काहीच भरायचं नाही, वरून पट्टी आवळायची नाही. लगेच सरकारी दवाखान्यात न्या, तुमच्या गाडीतून न्या. लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, कातडीत न देता दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशीचीही. रक्त निघालं असंल तर जखमेत द्यायचं सिरम पण लागतं, ते तालुक्याला नसलं तर जिल्ह्याला किंवा संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन जायचं. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत नेणं-आणणं आणि खर्च तुमच्याकडं, त्या माणसाची मजुरी बुडाली तर ती पण. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, म्हणून "आपल्या कुत्र्याला लस दिलीय, काही होत नाही" असं सांगून कुणाला घरी पाठवू नका. ते डॉक्टरला ठरवू द्या.

आणि कुत्र्याला १० दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं. खाणं सोडलं, लाळ गळायला लागली, चाल बदलली, मेलं, तर त्याच तासाला डॉक्टरला आणि चावलेल्या माणसाच्या घरी कळवा. बरेच जण चावल्यावर घाबरून कुत्रं पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतात. तसं केलं तर त्या १० दिवसात कुत्र्याचं काय झालं ते कुणालाच कळत नाही, आणि तिथल्या लेकरांना तर हे कुत्रं चावकं आहे हेही माहीत नसतं.