कर्ज थकलेले घर लिलावाआधी, बँकेच्या संमतीने मालकाकडून कसे विकत घ्यावे

घराची किंमत कर्जाच्या थकबाकीपेक्षा कमी भरत असली, तरी मालक आणि बँक दोघांच्या संमतीने ते घर विकता येते. अमेरिकेत अशा व्यवहाराला ‘शॉर्ट सेल’ म्हणतात. आपल्याकडे या व्यवहाराला स्वतंत्र नाव नाही. मात्र मालकाने बँकेशी एकरकमी परतफेडीची तडजोड करायची आणि तडजोडीची रक्कम खरेदीदाराने थेट कर्जखात्यात भरायची, ही पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. अशा खरेदीत समोर एक नव्हे, दोन विक्रेते असतात. मालकी मालकाची असते, पण तारणामुळे त्या घरावर बँकेचा अधिकार असतो. दोघांची लेखी संमती हातात येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नये, हा नियम पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पाळायचा आहे.

हाताशी किती वेळ आहे, ते आधी पाहावे

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे दावा न लावता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस देते. त्या मुदतीत पैसे भरले गेले नाहीत, तर बँक आधी बहुधा प्रतीकात्मक ताबा घेते, म्हणजे दारावर नोटीस लावते आणि वर्तमानपत्रात जाहिरात देते. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि शेवटी लिलाव पुकारते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कर्ज पतसंस्थेचे असेल, तर वसुली सहकार कायद्याखाली होते आणि तिची कार्यपद्धती वेगळी असते.

खरेदीदाराच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी निर्णायक आहेत. मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या पूर्वलेखी संमतीशिवाय मालकाला ते घर विकता येत नाही. कलम १३(१३) मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा मालकाचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हाच अर्थ कायम केला. म्हणून मालक घर दाखवायला नेईल तेव्हा खोल्या पाहण्याआधी नोटिशीची तारीख पाहावी. लिलावाची जाहिरात आलेली असेल, तर मालकाशी खाजगी बोलणी करण्यात अर्थ उरत नाही. लिलावात बोली लावायची की घर सोडून द्यायचे, एवढेच ठरवावे.

मालकाशी बोलताना

कर्ज कोणाकोणाच्या नावावर आहे, घर कोणाच्या नावावर आहे आणि जामीनदार कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्याच भेटीत घ्यावीत. पती-पत्नी सहमालक असतील तर दोघांशीही बोलावे. दारावर बँकेची नोटीस लागलेल्या घरातली माणसे आधीच खचलेली असतात. अशा वेळी त्यांच्या घाईचा फायदा घेण्यापेक्षा त्यांना खरा हिशेब कागदावर मांडून दाखवणे योग्य, आणि व्यवहार शेवटपर्यंत टिकण्याची शक्यताही त्यानेच वाढते. मागणी नोटीस, कर्जमंजुरीचे पत्र आणि खातेउतारा यांच्या प्रती मागाव्यात. इसार द्यायचाच असेल, तर तो अगदी लहान ठेवावा आणि ‘बँकेची लेखी संमती न मिळाल्यास पूर्ण परत’ असे पावतीवर लिहून घ्यावे.

बँकेकडून कोणते कागद हवेत

खाते अनुत्पादक झाले की फाइल बहुधा शाखेतून वसुली विभागाकडे जाते, त्यामुळे शाखा व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. नोटिशीवर प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असते. संपर्क त्यांच्याशीच हवा. ग्राहकाची माहिती बँक त्रयस्थाला देत नाही, म्हणून अर्ज मालकाने करावा आणि खरेदीदाराने त्याच्यासोबत जावे.

पहिला कागद म्हणजे थकबाकीचे पत्र. त्यात मुद्दल, व्याज, दंडात्मक शुल्क आणि वकिलाचा खर्च वेगवेगळा दाखवलेला असावा आणि हा आकडा कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, तेही लिहिलेले असावे. घराच्या किमतीत ही रक्कम फिटत असेल, तर पुढचे काम सोपे आहे. फिटत नसेल, तर मालकाने तडजोडीचा प्रस्ताव द्यावा. अशा तडजोडींसाठी बँकांनी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने जून २०२३ च्या परिपत्रकात सांगितले आहे. सूट मिळणे हा कर्जदाराचा हक्क नाही, तो बँकेचा निर्णय आहे. घर लिलावात काढले तर किती येतील आणि त्याला किती काळ लागेल, याचा बँक विचार करते. म्हणून प्रस्तावासोबत खरेदीदार तयार असल्याचे पत्र आणि त्याच्या कर्जमंजुरीची प्रत जोडल्यास प्रस्तावाला वजन येते.

मंजुरीचे पत्र ओळीओळीने वाचावे. एकूण रक्कम किती, तिचा पहिला भाग कधी भरायचा, शेवटची तारीख कोणती आणि ती चुकल्यास काय होणार, हे त्यात असते. बहुतेक पत्रांत मुदत चुकल्यास तडजोड रद्द होऊन भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती होईल, अशी अट असते. म्हणजे पैसे तुमचे जातील आणि घर मात्र तारणातच राहील. आणखी एक वाक्य त्या पत्रात असलेच पाहिजे: ही रक्कम मिळाल्यावर बँक या घरावरचा आपला संपूर्ण बोजा उठवील. त्याच मालकाचे त्याच बँकेत व्यवसायाचे दुसरे कर्ज असेल आणि त्यालाही हेच घर तारण असेल, तर गृहकर्ज फिटूनही बँक कागद सोडत नाही. हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

घराची कायदेशीर तपासणी

एक कर्ज थकवणाऱ्या मालकाची इतर देणीही थकलेली असू शकतात, म्हणून इथली तपासणी नेहमीपेक्षा कडक हवी. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांच्या नोंदींचा शोध अहवाल, घ्यावा. महाराष्ट्रात मूळ दस्त ठेवून घेतलेल्या कर्जाचीही सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, त्यामुळे इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यात, दुसऱ्या एखाद्या बँकेचे नाव दिसते का, ते पाहावे. तारणांची केंद्रीय नोंदवही असलेल्या ‘सरसाई’वर त्या घराचा शोध थोड्याशा शुल्कात कोणालाही घेता येतो. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर जप्तीची नोंद, दिवाणी न्यायालयात आणि कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीला आलेली हरकत, यांतली एकही गोष्ट सुटू देऊ नये. घरात भाडेकरू असेल, तर त्याचा करार पाहावा.

सोसायटीच्या सचिवांकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्यावा. हप्ते भरू न शकलेल्या कुटुंबाचे देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि वीजबिलही बहुधा मागे पडलेले असते.

किमतीचा हिशेब

इथे उदाहरण घेऊ. समजा, थकबाकी ६१ लाख आहे, बँकेने ५२ लाखांवर तडजोड मंजूर केली आहे आणि घर ५४ लाखांना ठरले आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याने खरेदीदाराला मालकाच्या नावे १ टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरावा लागतो, म्हणजे ५४ हजार. उरले ५३ लाख ४६ हजार. बँकेला ५२ लाख गेले की १ लाख ४६ हजार राहतात. सोसायटीचे ८५ हजार आणि मालमत्ता कराचे २० हजार भागवल्यावर मालकाच्या हाती ४१ हजार येतात. किंमत नेमकी ५२ लाख ठरवली असती, तर टीडीएसचे ५२ हजार बँकेच्या रकमेत कमी पडले असते आणि तेवढ्यासाठी तडजोड अडली असती. हा संपूर्ण हिशेब बँकेला दाखवावा. करारातील किमतीच्या वरची रक्कम रोखीने देण्याचा आग्रह कोणी धरला, तर तिथेच व्यवहार थांबवावा.

स्वस्त मिळालेल्या घराला आणखी एक बाजू आहे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले, मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर लागते. रेकनरचे मूल्य करारातील किमतीपेक्षा त्या किमतीच्या १० टक्क्यांहून आणि ५० हजारांहूनही अधिक जास्त असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर आयकर आकारला जातो. त्यामुळे रेकनरचा दर आधी काढावा आणि सौदा त्यानंतर ठरवावा.

स्वतःसाठी कर्ज घ्यायचे असेल, तर मंजुरी आधीच मिळवावी. तारण असलेल्या बँकेकडेच कर्ज मागितल्यास कागदांची देवाणघेवाण सोपी होते, असे माझे मत आहे. मात्र व्याजदराची तुलना केल्याशिवाय होकार देऊ नये.

करार आणि पैसे भरण्याचा दिवस

करार शक्यतो मालक, खरेदीदार आणि बँक असा त्रिपक्षीय करावा. बँक पक्षकार व्हायला तयार नसेल, तर तिचे संमतीपत्र आणि तडजोडीचे पत्र कराराला जोडावे. कोणती रक्कम कोणत्या कर्जखात्यात, कोणत्या तारखेला जाईल, हे करारात लिहावे, आणि बँकेचे पैसे मालकाच्या बचत खात्यातून न फिरवता थेट कर्जखात्यातच जमा करावेत.

पैसे भरण्याआधी बँकेकडे असलेल्या दस्तांची यादी मागावी आणि टेबलावर बसून एकेक दस्त ताडून पाहावा: बिल्डरबरोबरचा मूळ करार आणि त्याची नोंदणी पावती, मधल्या प्रत्येक विक्रीचा करार, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, ताबापत्र, सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट). मधला एखादा मूळ करार फाइलमध्ये नसल्याचे या टेबलावर समजले, तर पैसे अजून तुमच्याकडेच असतात.

रक्कम जमा होताच कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्यावे. पूर्ण परतफेड किंवा तडजोड झाल्यावर मूळ दस्त तीस दिवसांत परत करणे आणि बोजाची नोंद काढणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. दस्त मालकाच्या हाती पडणार असल्यामुळे ते लगेच खरेदीदाराला सुपूर्द करण्याचे अधिकारपत्र मालकाकडून आधीच लिहून घ्यावे आणि त्याची प्रत बँकेला द्यावी.

खरेदीखताची नोंदणी आणि घराचा ताबा शक्यतो त्याच दिवशी व्हावा. त्यानंतर सोसायटीच्या नोंदवहीतील बँकेचा बोजा काढून भाग दाखल्यावर नाव चढवावे; हस्तांतरणाचा प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. वीजमीटर आणि मालमत्ता कर आपल्या नावे करून घ्यावा. महिनाभराने सरसाईवर पुन्हा शोध घ्यावा, आणि जुन्या कर्जाची नोंद अजून चालू दिसली, तर कर्ज बंद झाल्याच्या पत्राची प्रत जोडून बँकेकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.