चोकू-झुकी आणि माए-गेरी: घरी घोटायचं ते परतीचं

कराटेच्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, शिकवलेलं घरी घोटायचं तर एक ठोसा (चोकू-झुकी, सरळ ठोसा) नि एक किक (माए-गेरी, समोर मारायची) पुरे. दोन्हींत बिघडतं ते बहुधा परत येताना.

आधी मूठ. चारही बोटं टोकापासून घट्ट गुंडाळा, अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा दाबा. अंगठा मुठीच्या आत दडवला तर मार बसताना तोच दुखावतो. ठोसा बसतो याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांनी, म्हणून मनगट सरळ हवं.

दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे सैल. डावा हात पुढे, उजवी मूठ बरगडीशी, बोटांची बाजू वर. उजवं कोपर अंगाला घासत जाऊ द्या, मूठ शेवटच्या काही इंचांतच फिरवा आणि छातीच्या हाडाखालच्या खळग्यासमोर, मध्यरेषेवर थांबवा. त्याच क्षणी डावा हात तेवढ्याच वेगाने बरगडीशी आला पाहिजे. ही हिकिते. नवख्यांचं लक्ष मारणाऱ्या हातावर असतं, मागे येणारा हात आळसावतो आणि ठोशाला कमरेची साथच मिळत नाही. खांदा कानाकडे चढत असेल तर तुम्ही उगाच जोर लावताय. हवेत मारताना कोपर झटक्याने पूर्ण ताणू नका, सांधा धरतो. इची ते जू, म्हणजे जपानीत एक ते दहा, मोजत 10 ठोशांच्या 3 फेऱ्या करा. पहिली अगदी संथ, किआई, म्हणजे जोराची आरोळी, फक्त दहाव्याला.

माए-गेरी भिंतीला हात टेकून चार तुकड्यांत करा: गुडघा कमरेच्या वर, पाय समोर, पाय त्याच वाटेने दुमडून परत, मग खाली. गुडघा आधी उचलला नाही तर पाय झोक्यासारखा खालून वर जातो, समोर घुसत नाही. बोटं मागे ओढून चवड्याने मारा. उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला, टाच जमिनीला. पायात मोजे नकोत, फरशीवर घसरायला होतं. दर तुकड्याला 2 सेकंद थांबत प्रत्येक पायाने 5, मग सलग 10.

मारल्यावर पाय थपकन पुढे पडला तर दुमडणं राहून गेलं. तेव्हा उंची कमी करा, वेग नंतर. माकिवाऱ्यावर, म्हणजे गवती दोरी गुंडाळलेल्या ओकिनावी फळीवर, ठोसे मारायची घाई मनगट वाकायचं थांबेपर्यंत नकोच.